साहेबांचं आजारपण

बाईंकडे राहायला गेल्यावर पहिले आठ दिवस माझी समजूत होती, की आतल्या खोलीत त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले आहेत. सकाळी सातच्या सुमारास भिंतीपलीकडून आवाज यायचा, "अहो, उठा आता. ऊन आलं." थोड्या वेळाने, "अहो, पेरू चिरलाय. कच्चाच आहे, तुम्हाला आवडतो तसा." पलीकडून उत्तर काही ऐकू यायचं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं, अर्धांगवायू असणार, वाचाही गेली असणार. मी खोलीत दबकत चालायला लागले, रेडिओ लावायचा बंद केला. नवव्या दिवशी धीर करून विचारलं, "बाई, साहेबांना आता बरं आहे का?" त्यांच्या बोलण्यात तसाच उल्लेख यायचा ना, "साहेबांची झोप झाली की बोलू," असा.

"साहेबांना काय धाड भरलीय?" बाई म्हणाल्या. "या, ओळख करून देते."

खिडकीपाशी मोठा पिंजरा होता. त्याचं दार सताड उघडं, आणि दारावर उलटा लटकलेला एक हिरवा पोपट एका डोळ्याने माझा अंदाज घेत होता.

"हे आमचे साहेब. आणि अहो, या नव्या भाडेकरू. अकोल्याच्या आहेत, कॉम्प्युटरचं काम करतात."

साहेबांनी मान खाली-वर केली आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "नंबर सांगा."

बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल लावून देणं, तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून तसं सांगणं आणि आणखी तीन हवीत का ते विचारणं, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नव्हती. शेजारीण दारात येऊन सुनेचं गाऱ्हाणं सुरू करायची; बाई शांतपणे ऐकायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. अजून हवीत का?" शेजारीण ओशाळून निघून जायची. घरात मात्र फोन नव्हता. एवढा जन्म फोनवर काढलेल्या बाईच्या घरी फोन नाही याचं मला नवल वाटायचं. विचारलं तर म्हणाल्या, "तीस वर्षं लोकांचं ऐकलं. कोण मेलं, कोण पळून गेलं, कोणाचं लग्न मोडलं, सगळं घरच्यांच्या आधी मला कळायचं. आता कानांना पेन्शन."

आणि ऐकलेलं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता, कदाचित तेवढ्याच एका गोष्टीचा. "ऐकणं नोकरीत होतं, सांगणं नव्हतं," असं म्हणायच्या.

पुण्यात मी जागा शोधत होते तेव्हा तीन ठिकाणी माझं आडनाव विचारलं गेलं आणि तिन्ही ठिकाणी जागा नेमकी आदल्या दिवशीच गेलेली निघाली. बाईंनी आडनाव विचारलंच नाही. त्यांचा एकच प्रश्न होता, "शिट्टी वाजवायची सवय आहे का? साहेबांची झोप मोडते." मी नाही म्हटलं आणि कर्वेनगरातल्या त्या तळमजल्यावरच्या घराची मागची खोली मला मिळाली. सामान लावताना मी बुद्धांची तसबीर लावायला हातोडी घेतली, तर बाई दारात येऊन म्हणाल्या, "तिथे नको, आत वायर आहे. या भिंतीत ठोका." त्या विषयावर आमच्यात झालेलं संभाषण एवढंच.

साहेब त्यांच्याकडे सत्तावीस वर्षं होते. एक्स्चेंजच्या आवारातलं झाड तोडलं तेव्हा ढोलीतून पडलेलं, पिसं न फुटलेलं पिल्लू. तीन होती, एक जगलं. त्यांना उडता कधी आलं नाही. डाव्या पंखाचं हाड तेव्हाच मोडलेलं. म्हणून पिंजऱ्याचं दार उघडं असायचं. पिंजरा म्हणजे त्यांची खोली, बाकीचं घरही त्यांचंच.

मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात साहेबांनी पेरू नाकारला.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, नाटकं आहेत. दुसऱ्या दिवशी मिरची पुढे केली, ती चोचीत धरून त्यांनी तशीच सोडून दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ते दांडीवर नव्हते, पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसले होते, आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्यांची शेपटी खाली-वर होत होती. बाईंनी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणला, त्यावर रुमाल पसरला, साहेबांना ठेवलं. एरवी काट्यावर बसायचं म्हटलं की ते बोट फोडायचे. त्या दिवशी बसले.

"वीस ग्रॅम कमी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ऑपरेटरचाच होता, पण चष्मा त्यांनी दोनदा काढला आणि दोनदा घातला.

जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे आम्ही टोपलीतून नेलं. त्याने टोपलीवरचं फडकं उचललं आणि लगेच परत टाकलं. "बाई, देशी पोपट पाळणं बेकायदा आहे, माहीत आहे ना? मी हा पाहिलेला नाही. घेऊन जा. कोणी तक्रार केली तर वनखातं उचलून नेईल."

रिक्षात बाई टोपली पोटाशी धरून बसल्या होत्या. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "नेलं तर हे एक दिवस काढायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "परक्याच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाहीत. ऐका, ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. कोणाला म्हणजे कोणालाही सांगायचं नाही."

मी हो म्हटलं.

आणि त्याच दुपारी ऑफिसात गेल्यावर सांगितलं. एकाला नाही, चारशे जणांना.

माझी कंपनी येरवड्याच्या पुढे होती. दोन हजार साल उजाडताना जगभरचे कॉम्प्युटर बंद पडणार ती भीती सरून जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि आम्ही दुपारी दोन ते रात्री दहा अमेरिकेच्या घड्याळावर काम करायचो. ऑफिसात एक सामाईक ई-मेल यादी होती. जुनी मोटरसायकल विकायची, रूम पार्टनर हवा, असलं काहीबाही लोक तिच्यावर टाकायचे. मी लिहिलं: माझ्या घरमालकीणबाईंचा सत्तावीस वर्षांचा पोपट फार आजारी आहे, घरी येऊन तपासणारे पक्ष्यांचे डॉक्टर कोणाला माहीत आहेत का? घरी यायचं म्हणून खाली पत्ता दिला. त्याखाली नाव, नेहमीसारखं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. नारायण पेठेत एक म्हातारे डॉक्टर आहेत, घरी येत नाहीत, पण पक्ष्यांचं त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. मी हवेत होते. बाईंना सांगितलं, "ऑफिसातल्या एकीला माहीत होतं." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

त्या डॉक्टरांनी साहेबांना दिव्याखाली धरलं, पोटावरची पिसं फुंकर मारून बाजूला केली, चोच पाहिली. "खायला काय देता?"

"डाळ, मिरची, पेरू. आणि सूर्यफुलाच्या बिया. त्या फार आवडतात."

"किती वर्षं?"

"सत्तावीस."

डॉक्टर हात धुवायला उठले. पाठ करूनच म्हणाले, "यकृत गेलंय. बिया तेलकट असतात. तुम्ही प्रेमाने दिल्यात, त्यांनी प्रेमाने खाल्ल्या. आता पंधरा दिवस काढतील, फार तर महिना. उपाशी जाऊ नयेत एवढं आपल्या हातात आहे."

 घरी आल्यावर बाईंनी बियांचा डबा कचऱ्यात रिकामा केला, मग डबा घासला, मग घासलेला डबाही कचऱ्यात टाकला.

डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे दर दोन तासांनी साहेबांना सिरिंजने पातळ पेज भरवायची होती. हे एकट्याचं काम नव्हतं. एकाने टॉवेलात गुंडाळून धरायचं, पण छातीवर दाब येऊ द्यायचा नाही, कारण पक्ष्याची छाती हलली नाही तर त्याला श्वास घेता येत नाही. दुसऱ्याने चोचीच्या डाव्या बाजूने सिरिंज घालायची आणि थेंब थेंब सोडायचं. जरा घाई झाली आणि पेज श्वासनलिकेत गेली, की संपलं. धरायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाईंच्या हाताला कंप होता. सिरिंज त्या दोन्ही हातांनी धरू शकत होत्या, साहेबांना नाही. आठ, दहा, बारा या वेळा माझ्या. दीड वाजता मला न्यायला कंपनीची गाडी यायची. त्यानंतर बाई त्यांना मांडीवर घेऊन नुसते थेंब चोचीला लावत बसायच्या.

त्या दिवसांत टॉवेलातून मला त्यांचं हृदय लागायचं. इतकं जलद, की ठोके मोजता यायचे नाहीत, बोटांना नुसती थरथर कळायची. पिंजऱ्याशेजारी चोवीस तास साठ वॅटचा दिवा जळत असायचा. गुरुवारी वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या, आणि त्या निवल्या की नव्या. वजन रोज सकाळी. दोन ग्रॅम वाढलं तर बाई दिवसभर माझ्याशी नीट बोलायच्या. दोन कमी झालं तर माझ्या धरण्यात खोट निघायची. "अंगठा. अंगठा कुठे आहे तुमचा? गुदमरवाल!"

चौदाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी दहाला, मी साहेबांना टॉवेलात घेतलेलं असताना दारावर थाप पडली. खाकी कपड्यांतला मध्यम वयाचा माणूस होता, हातात घडी घातलेला कागद.

"हितं पोपट हाय का?"

मला वाटलं बाई नाही म्हणतील. मी साहेबांना घेऊन मोरीत शिरायला एक पाऊल टाकलंही होतं.

"आहे," बाई म्हणाल्या. "आत या. चपला बाहेर."

तो वनखात्यातला रक्षक होता. आत आला, माझ्या हातातलं पाहिलं आणि टोपी काढली. "कळलं व्हतं आमच्या साहेबांना. ई-मेल आला व्हता. त्येंनी छापून दिला." त्याने कागद पुढे केला.

मी तो कागद लांबूनच ओळखला. इंग्रजी मजकूर, खाली पत्ता, त्याखाली अजून एक ओळ. माझे हात गार पडले. हातातल्या जिवाला ते कळलं असावं, साहेब हलले.

बाईंनी चष्मा लावून कागद वाचला. संथपणे, वरपासून. शेवटच्या ओळीपर्यंत त्या पोचल्या की नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी कागदाची पहिल्यासारखी घडी घातली आणि परत दिला. मग सिरिंज उचलली.

"दहाची वेळ झाली. नीट धरा."

तो रक्षक उभ्याने सगळं बघत होता. पेज संपल्यावर हळूच म्हणाला, "आमच्या आज्याकडं व्हता असा. लई म्हातारा झालाय ह्यो. सोमवारी साहेब गाडी घिऊन येत्याल. तवर..." तो थांबला. "तवर खिडकीतनं उडून गेला, असं बी सांगता येतं, बाई. मी तसं लिवतो."

"त्यांना उडता येत नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी खोटं बोलत नाही. गप्प बसते, ते वेगळं. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. सोमवारी किती वाजता?"

तो गेल्यावर मी बोलायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "टॉवेल धुवायला टाका." बस.

ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही. शनिवारी साहेब इतके खालावले की मान वर धरवेना. बारा वाजता त्यांना धरलेलं असताना माझ्या मनात आलं, आता जावेत. इथेच, आपल्या घरात, सोमवारच्या आत. आणि वर पाहिलं तर बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"तुम्हालाही तेच वाटलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा," त्या म्हणाल्या, आणि पुढचा थेंब सोडला.

रविवारी सकाळी साहेब दांडीवर होते. चोचीने गज धरत धरत स्वतः चढले होते. त्यांनी मिरचीचं टोक खाल्लं, बाईंच्या बोटाला हलकेच चोच लावली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी आम्ही पेढे आणले असते. बाई पिंजऱ्यासमोर बसून राहिल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, आज कशाला हो? आज कशाला बरे झालात?"

सोमवारी माझ्या प्रोजेक्टचं काम अमेरिकेत सुरू व्हायचं होतं. त्यानंतर तिकडे जाणाऱ्या दोघांत माझं नाव होतं. मी कोपऱ्यावरच्या बूथवरून मॅनेजरला फोन केला, की चार दिवस येणार नाही.

"आर यू सीरियस? पोपट? तोपण तुझा नाही, लँडलेडीचा? यार, गो-लाइव्ह आहे आज!"

"त्यांना धरायला दुसरं कोणी नाही," मी म्हटलं. त्याला ते कळण्यासारखं नव्हतंच. माझ्याऐवजी दुसरा मुलगा गेला.

गाडी अकराला आली. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने पंचनामा लिहिला, पिंजरा मुद्देमाल म्हणून जप्त केला. बाईंनी प्रत्येक कागद वाचून सही केली. मग इस्त्रीच्या साडीत, हातात पिशवी घेऊन, त्या गाडीकडे चालू लागल्या. पिशवीत सिरिंज, टॉवेल, काटा, दिवा, पेजेचा थर्मास.

"बाई, तुम्हाला येता येणार नाही," अधिकारी म्हणाला.

"का? पोपट ठेवायचा नाही असा कायदा आहे, ते मान्य. पोपटाशेजारी बसायचं नाही असा कायदा असेल तर दाखवा, मी उतरते." तोवर त्या चढून बसल्याही होत्या. मागोमाग मी.

जखमी प्राण्यांचं ते केंद्र शहराबाहेर, एका टेकडीच्या पायथ्याशी होतं. मांजाने पंख कापलेलं घुबड होतं, एक आंधळं माकड होतं. तिथल्या लोकांनी पहिल्या दिवशी आम्हाला सहन केलं, दुसऱ्या दिवशी बाईंसाठी स्टूल आणून दिलं. सकाळी फाटक उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत आम्ही साहेबांपाशी असायचो. फाटक बंद झाल्यावर तो रक्षक दिव्यावर लक्ष ठेवायचा. बाईंनी त्याला धरायला शिकवलं होतं आणि त्याचा अंगठा मात्र पहिल्या फटक्यात बरोबर आला होता.

बुधवारी दहाच्या सुमारास ऊन छान पडलं होतं. मी साहेबांना धरलं, बाईंनी सिरिंज पुढे केली. साहेबांनी मान वळवली. बाईंनी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. त्यांनी पुन्हा वळवली, जोर नव्हता, पण ठाम होतं.

बाईंनी सिरिंज खाली ठेवली. "नको म्हणतायत. राहू दे."

"टॉवेल काढू?"

"काढा. मोकळं बसू दे."

मी टॉवेल सोडला आणि ते माझ्या ओंजळीत राहिले. बाईंकडे द्यायला मी हात पुढे करत होते, तेवढ्यात त्यांनी पंख उघडले, दोन्ही, मोडलेलासुद्धा, जितका उघडेल तितका. मग ते मिटले. बोटांना लागणारी थरथर थांबली. बाईंचे हात तसेच पुढे आलेले, रिकामे. शेवटी ते माझ्या हातात गेले, त्यांच्या नाही.

साहेब आम्हाला मिळाले नाहीत. तो नियमच आहे. तपासणी करून तिथेच दहन करतात. बाईंनी आणखी एक सही केली. रक्षक फाटकापर्यंत सोडायला आला.

बसथांब्यावर आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "बाई, तो ई-मेल मी लिहिला होता."

"माहीत आहे. खाली नाव होतं."

"मग तुम्ही तेव्हा काहीच..."

"तेव्हा तुमच्यावर रागावले असते तर त्यांना धरलं कोणी असतं?" बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "डॉक्टरही त्याच कागदाने मिळाले, हेही मला कळतं. ते कळून राग जात नाही. आता मी रागावणार आहे. किती दिवस ते सांगता येणार नाही. खोली सोडून जायचं नाही. माणूस समोर नसेल तर रागवायचं कोणावर?"

त्या खरोखरच रागावल्या. सव्वादोन महिने माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. सकाळी माझा चहा दाराबाहेर ठेवलेला असायचा, झाकण घालून. आत हाक नाही. दारात समोरासमोर आलो तर त्या बाजूला होऊन वाट द्यायच्या, परक्या माणसाला देतात तशी. भिंतीपलीकडून आता आवाज यायचा नाही. मी दोनदा बॅग भरली आणि दोनदा रिकामी केली.

मार्चमधल्या एका रविवारी त्यांनी दार वाजवलं. इस्त्रीची साडी, हातात पिशवी.

"केंद्रावरून निरोप आलाय. घार आणलीय, तारेत अडकलेली. दोन दिवस काही खाल्लं नाही. तिथल्या पोरांना तिच्या जवळ जायची भीती वाटते." त्या क्षणभर थांबल्या. "जाड टॉवेल घ्या. पोपट नव्हे तो."

"राग गेला, बाई?"

"नाही," त्या पायऱ्या उतरत म्हणाल्या. "चला, साडेआठची बस आहे."